लाल दिवा लागला की बोलायचं

रिठद
२१ एप्रिल २०२५

चि. लखन,

तुझ्या युनिटचा पत्ता सूनबाईकडून, साधनाकडून घेतला. कशाला हवा, ते तिला सांगितलं नाही. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी घरातच असतो, पण फोन माझ्या हातात आला की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. दिवाळीपासून असंच चाललं आहे. कागदाला नेटवर्क लागत नाही, म्हणून लिहितो.

विषय तुझ्या लेकीचा, योगिनीचा. मागच्या आठवड्यात साधना, मी आणि योगिनी अकोल्याला जाऊन आलो. तिथल्या कानाच्या मॅडमनी पोरीला काचेच्या खोलीत बसवून बराच वेळ तपासलं. कान उत्तम आहेत. बारीकातली बारीक शिट्टी तिला ऐकू येते. अडचण त्याच्या पुढे आहे. आवाज आत जातो, पण आजूबाजूला गोंगाट असला की त्यातले शब्द तिला वेगळे काढता येत नाहीत. जे काढते, ते काढण्यातच सगळी ताकद खर्च होते आणि लक्षात ठेवायला काही उरत नाही. म्हणून दोन कामं सांगितली की एक राहतं, तीन सांगितली की तिन्ही. पोरगी विसराळू नाही, असं मॅडम म्हणाल्या. जे नीट पोचलंच नाही, ते ती विसरणार कसं?

मला हे लगेच समजलं. मी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचो, ते तू लहानपणी पाहिलं आहेस. आवाज सगळ्या स्टँडभर जायचा, आणि लगेच माणसं खिडकीशी येऊन विचारायची, साहेब, आत्ता काय म्हणाले? आवाज सगळ्यांना मिळायचा, शब्द कोणाला नाही. आपल्या पोरीच्या डोक्यात दिवसभर तो भोंगा चालू असतो, असं समज. आठ वर्षांची आहे ती.

मॅडमनी एक यंत्र वापरून पाहायला दिलं आहे. दोन बारीक तुकडे तिच्या कानांवर बसतात. पेनाच्या टोपणाएवढा माइक बोलणाऱ्यानं गळ्यात अडकवायचा. त्याचा आवाज तारेशिवाय थेट तिच्या कानात जातो, मधला गोंगाट मागे राहतो. ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी चालतं. शाळा उघडेपर्यंत घरी वापरायचं आणि तिच्या लक्षात किती राहतं ते मॅडमना सांगायचं. फरक पडला तर यंत्र तिच्याकडे राहील आणि शाळेत गुरुजी माइक घालतील. नाही पडला तर परत.

मॅडम माइकचं बटन समजावू लागल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं. म्हटलं, मॅडम, माझी हयात माइकवर गेली. बटन दाबायचं, लाल दिवा लागला की बोलायचं, बोलून झालं की बंद करायचं आणि बंद केल्याशिवाय शेजारच्याशी चकार शब्द काढायचा नाही. माझ्या आधीच्या कंट्रोलरनं चालू माइकवर मॅनेजर साहेबांच्या चालण्याचं वर्णन करून सांगितलं होतं. सगळं स्टँड हसलं आणि त्याची बदली झाली. ते उदाहरण मी कधी विसरलो नाही.

पुढचं साधनानं ऐकून घेतलं. मी केळी घ्यायला बाहेर गेलो होतो. तिथं गर्दी होती, त्यामुळे यायला उशीर झाला.

आता दुसरा विषय. दिवाळीत मी चारचौघांत योगिनीला वसतिगृहात ठेवायची गोष्ट काढली, ती तुला लागली. ‘माझी पोरगी म्हणजे तुमच्या गाडीतलं पार्सल नाही’, असं म्हणून तू पाया न पडता गेलास. मी पार्सल हा शब्द वापरला नव्हता. यंत्रानं काम केलं तर वसतिगृहाचा विषय संपला. नाही केलं, तर वाशिमकडच्या त्या निवासी शाळेत जूनमध्ये प्रवेश आहेत, आणि बापाची संमती लागते. ती आधीच लिहून पाठव, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको.

इकडे सर्व ठीक. माझी तब्येत ठणठणीत आहे.

तुझा बाप,
दौलतराव

*

रिठद
४ मे २०२५

चि. लखन,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असेल, असं धरून लिहितो.

यंत्राचं म्हणशील, तर फरक नाही. मी टंगळमंगळ केलेली नाही. रोज सकाळी योगिनी अंगणाच्या त्या टोकाला, जिथं हळद वाळत घातली आहे, तिथं बसते. मी ओट्यावर. शेजारी हळद पॉलिश करायचा ड्रम दिवसभर खडखडत असतो, म्हणजे गोंगाटही तयार. माइक गळ्यात असतो. हा माझ्या स्टँडवरच्या माइकसारखा दाबून धरावा लागत नाही, एकदा दाबलं की लाल, पुन्हा दाबलं की हिरवा. मी दाबतो, लाल दिवा नीट पाहतो आणि शांतपणे सांगतो की योगिनी, आजीकडून सूप आण, त्यात हळकुंडं भर आणि पडवीत नेऊन ठेव. मग पुन्हा दाबून हिरवा करतो. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहते. तोंडावरून एखादा शब्द उचलते, सूप घेऊन येते आणि सूप हातात धरून उभी. पुढं काही नाही.

साधना म्हणते, तिच्याजवळ माइक असला की योगिनी सगळं ऐकते. आईला काय, सगळंच चांगलं दिसतं. तिच्यात आणि माझ्यात यावरून थोडं झालं. मग मी सांगितलं की माइक माझ्याकडे राहील, कारण मॅडमना जे सांगायचं ते खरं सांगायला पाहिजे.

एक सांगतो. पोरगी सांगितलेलं करत नाही, पण न सांगितलेलं करायला लागली आहे. मी विहिरीवरून बादली उचलली की धावत येते आणि हातातून ओढून घेते. दोघांच्या ओढाओढीत पाणी सांडतं. विहिरीपाशी तिनं खुर्ची नेऊन ठेवली आहे. कशाला, कोण जाणे. आणि परवा जेवताना तुझ्या आईला म्हणाली, ‘आजी, आबाले तुवं पातळ वरण आवडत नाही, तोंडावर बोलत नाहीत ते.’ तुझ्या आईनं दोन दिवस मला कोरडी भाकर वाढली. वरणाचं मी फक्त इस्माईलजवळ बोललो होतो. आपला इस्माईल ड्रायव्हर, आता घरासमोर सायकलचं दुकान टाकून बसला आहे, तो. त्यानंच पोरीला सांगितलं असणार. ड्रायव्हर लोकांच्या पोटात काही राहत नाही. मी त्याला तसं बोललो. तो कुराणावर हात ठेवायला निघाला.

साधनाची आई न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं. म्हणून साधना काल किन्हीराजाला माहेरी गेली. योगिनीला सोबत नेते म्हणत होती. मी म्हटलं, यंत्राची परीक्षा चालू आहे, तिला इथंच राहू दे. जाताना म्हणाली, ‘मामाजी, ते बटन जास्त नका दाबत जाऊ.’ बटन खराब होईल याची तिला काळजी. मी म्हटलं, मी जन्मात एक बटन खराब केलेलं नाही.

लखन, मी तिचा वैरी नाही. शाळेत चौथीला जाईल आता. गुरुजी एक सांगतात, ही दुसरंच काढते, पोरं हसतात, आणि ती त्यांच्यासोबत हसते. ते हसणं मला पाहवत नाही. घरात मी आहे तोवर तिला धरून ठेवणारा कोणी आहे. पुढचं काय? तू सीमेवर. साधना एकटी. तुझ्या आईला डोळ्यांनी कमी दिसतं. वसतिगृहात निदान तिच्यासारखी पोरं असतील.

संमतीचं लक्षात ठेव. मी ठणठणीत आहे.

दौलतराव

*

रिठद
१६ मे २०२५

चि. लखन,

पोस्टमनला मी रोज विचारतो. तो आता मला लांबून पाहूनच मान हलवतो.

निवासी शाळेच्या अधीक्षक बाईंशी फोनवर बोलणं झालं. अंगणातच बोललो, घरात रेंज नीट येत नाही. त्या म्हणाल्या, सुट्टीतही थोडी मुलं तिथं असतात. पोरीला काही दिवस ठेवून बघा, रमली तर जूनमध्ये पक्का प्रवेश. वडिलांची संमती मागाहून चालेल. बाई बोलायला चांगल्या वाटल्या.

तेव्हा मी ठरवलं आहे. येत्या सोमवारी योगिनीला शिरपूरचं जैन मंदिर दाखवायला नेतो, असं घरात सांगितलं आहे. तिला गाडीत खिडकीशी बसायला आवडतं. प्रत्यक्षात आम्ही वाशिमच्या गाडीत बसू. साधनाला मी नंतर कळवीन. तुला आधी कळवतो आहे, कारण तू बाप आहेस. हे पत्र तुला सोमवारनंतर मिळेल याची मला कल्पना आहे.

इस्माईलला हे सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, ‘दौलतराव, आपून जिंदगीभर गाड्या चालवल्या. पाशिंजरले खोटी पाटी लावून कधी नेलं काय? पाटी शिरपूरची, अन् गाडी वाशिमले?’

मी म्हटलं, ‘रडवत नेण्यापरीस खोटी पाटी बरी.’

‘तिच्या बापाले काय सांगान?’

‘त्याले पत्र लिहिलं.’

‘पत्र,’ एवढंच म्हणून तो पुन्हा चाक खोलायला लागला. त्या दिवसापासून चहाला आला नाही. समोरासमोर बसून आम्ही एकमेकांच्या दुकानाकडे आणि ओट्याकडे पाहत नाही.

मला ही गोष्ट लांबवायची नाही. का, ते विचारू नकोस.

आज सकाळी तांड्यावरची सोनीबाई हळकुंडं निवडायला आली होती. तिची लेक बाळंत झाली आहे किन्हीराजाला, तिला जायचं होतं आणि गाड्यांचा हिशेब लागत नव्हता. सगळ्यांना अजून मीच आठवतो. मी तिला टप्प्याटप्प्यानं सांगितलं, जसं खिडकीतून सांगायचो तसं, दोनदा. आधी इथून सकाळची पहिली गाडी धरून रिसोड. रिसोडला उतरलं तिथंच थांबायचं, शिरपूरवरून मालेगावला जाणारी गाडी त्याच बाजूला लागते. मालेगावला मात्र बाहेर यायचं आणि शेलूबाजारकडे जाणारी धरायची, उलटी मेहकरची नाही. किन्हीराजाचा फाटा कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचा. सोनीबाई ‘हो साहेब, हो साहेब’ म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, जावयालेच बोलावते गाडी घेऊन. योगिनी पलीकडे खाली मान घालून हळकुंडं निवडत होती. तिचं बरं आहे, तिला यातलं काही ऐकू जात नाही.

तिचे दोन फ्रॉक आणि टॉवेल पिशवीत भरून ठेवले आहेत. तुझ्या आईला वाटतं, मी कपडे धुवायला देतो आहे.

दौलतराव

*

१९ मे, दुपार

लखन,

योगिनी सकाळपासून घरात नाही.

मी आंघोळ करून आलो तर तिची गोधडी घडी करून ठेवलेली. चप्पल नाही. पाण्याची बाटली नाही. मातीचा गल्ला फोडलेला, खापऱ्या नीट एका बाजूला गोळा केलेल्या. मी भरून ठेवलेली पिशवी मात्र जागेवरच आहे.

विहीर पाहिली. आधी विहीरच पाहिली. दोन पोरं आत उतरली. नाही.

माइक गळ्यात घालून गावातल्या सगळ्या गल्ल्या फिरलो. कानातले तुकडे घालून गेली आहे, म्हणजे जवळपास असेल तर ऐकेल. लाल दिवा लावला आणि हाका मारल्या. शाळेच्या मागे, मारुतीच्या पारापाशी, नाल्याच्या काठानं. योगिनी, मी आबा बोलतो, जिथं असशील तिथं थांब. असं किती वेळ बोललो, कळत नाही. लोक पाहत होते.

इस्माईल न बोलावता आला. मोटरसायकल काढून वाशिम रस्त्यानं गेला आहे. पोलीस पाटलांना सांगितलं. रिसोड, वाशिम, मालेगाव, तिन्ही स्टँडवर फोन केले. नवीन पोरं आहेत, पण नाव सांगितल्यावर ओळखलं. आम्ही पुकारतो म्हणाले. पुकारतील रे. तिला स्टँडवरच्या गोंगाटात तिचं नाव तरी कळेल का? कोणी ‘कुठं चाललीस’ विचारलं, तर ती न समजता हसून मान हलवेल. जो विचारेल त्याच्यासमोर ती अशीच मान हलवेल.

आज लग्नाची दाट तिथी आहे. गाड्या वऱ्हाडानं भरून जात आहेत.

साधनाला अजून फोन केला नाही. बोटं नंबरावर जातात आणि परत येतात. तुझी आई दाराच्या चौकटीशी बसून आहे. ती पिशवी तिनं उघडून पाहिली आहे.

तू इथं असतास तर मला धरून बडवलं असतंस. बरं झालं असतं.

फोन वाजतो आहे.

*

रिठद
२३ मे २०२५

चि. लखन,

योगिनी सुखरूप आहे, हे साधनानं तुला सांगितलंच असेल. तरी माझ्या हातानं लिहितो. वरचा सोमवारचा कागद पोस्टात टाकणार नव्हतो. साधना म्हणाली, टाका.

तो फोन साधनाचा होता. पोरगी किन्हीराजाला पोचली होती. एकटी. इथून पहिल्या गाडीनं रिसोड, रिसोडहून शिरपूरवरून मालेगाव, मालेगावला बाहेर येऊन शेलूबाजारकडची गाडी. कंडक्टरला तिनं बसल्याबरोबर फाटा सांगून ठेवला. पहिल्या दोन गाड्यांत वऱ्हाड होतं, तिला त्यातलीच समजले असतील. तिसऱ्या गाडीतल्या कंडक्टरनं कोणासोबत आहेस विचारलं, तर म्हणाली, आईसोबत, आई पुढं हाय. फाट्यावर उतरून ती आजीच्या घरी चालत गेली. घर तिला माहीत होतं.

इस्माईल मला मोटरसायकलवर घेऊन गेला. माइक माझ्या गळ्यातच राहिला होता.

ती आईच्या मागे उभी होती. मी ‘ये’ म्हटलं, आली नाही. साधनानं विचारलं, ‘मामाजी, काय झालं तरी काय? पोरगी सांगून नाही राह्यली.’ मी शिरपूरच्या मंदिराची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तेव्हा योगिनी माझ्याकडे पाठ करून बोलायला लागली. भिंतीकडे तोंड करून, शांत आवाजात, पाढा म्हणावा तसं.

‘शिरपूर म्हणू अन् वाशिमच्या गाडीत बसवू. बिस्कुट घेऊन देऊ. बाई तिले झोका दाखवतीन, तवर आपून निंघून येऊ. रडली तरी मांगं पाह्याचं नाही. साधनाले मांगून सांगू.’

हे माझे शब्द आहेत, लखन. एक कमी नाही, एक जास्त नाही. काही अधीक्षक बाईंना बोललेले, काही इस्माईलला. ज्या पोरीला सूप, हळद आणि पडवी एकत्र लक्षात राहत नव्हतं, तिनं हे सगळं क्रमानं म्हटलं. इस्माईल बाहेर जाऊन उभा राहिला.

मग ती थांबली आणि आणखी एक म्हणाली. ‘माह्या छातीत स्प्रिंग टाकाची हाय. डॉक्टर म्हणते, जड उचलू नका. लखनले नको सांगू, इस्माईल, तो तिकडं बंदूक घेऊन उभा हाय.’

म्हणजे आता तुला कळलं. अकोल्याला मी केळी घ्यायला गेलो नव्हतो. कानाच्या मॅडमच्या खालच्या मजल्यावर छातीचे डॉक्टर बसतात.

साधनानं ते ऐकून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे. म्हणाली, ‘मामाजी, हे लाल काहून हाय?’

मी म्हटलं, ‘बोलायचं हाय म्हणून लावलं.’

ती खाली बसली. ‘मामाजी, लाल म्हणजे बंद. हिरवा म्हणजे चालू. मॅडमनं दोनदा सांगतलं होतं. मले वाटलं, तुमाले तर माहीतच असंन.’

तुला समजलं का? मी रोज बटन दाबून आधी माइक बंद करत होतो आणि मग तिला कामं सांगत होतो. सांगून झालं की चालू करत होतो आणि मग इस्माईलशी, फोनवर, सोनीबाईशी बोलत होतो. तिला उद्देशून काढलेला एक शब्द तिच्यापर्यंत गेला नाही. बाकी सगळे गेले. म्हणून बादली. म्हणून विहिरीपाशी खुर्ची. म्हणून पातळ वरण. आणि सोमवारी मी नाल्याच्या काठानं मारलेल्या हाका. ती शेजारच्या झुडपात असती, तरी तिला ऐकू गेल्या नसत्या.

आणि सोनीबाईला सांगितलेली वाट. नोकरीभर मी गाड्या पुकारल्या, पण माझी सूचना इतकी नीट कोणी ऐकली नसेल. मला याचा आनंद व्हायला पाहिजे होता. एखादा टप्पा ती विसरली असती तर, हेच सारखं डोक्यात येत होतं. अजून येतं.

इस्माईलची माफी मागितली. तो म्हणाला, ‘वरण तेवढं आता भाभीच्या तोंडावर सांगत जा.’

साधना म्हणाली, यायचं की नाही ते तिला ठरवू द्या. मी घरामागे गेलो, गोठ्याच्या पलीकडे, जिथून ती मला दिसत नव्हती आणि मी तिला. गावात कुठंतरी बँड वाजत होता. माइकला हिरवा दिवा होता. बोट सवयीनं बटनावर गेलं, मी हात पाठीमागे बांधले. मग म्हटलं, ‘योगिनी, वाशिमची गोष्ट संपली. तुले इथं राह्यचं असंन तर राह्य. घरी यायचं असंन, तर आधी आईले विचार, मंग चप्पल घाल, मंग पाण्याची बाटली भरून घेऊन ये.’

बराच वेळ कोणी आलं नाही. मी पुन्हा सांगणार होतो. सांगितलं नाही.

ती आली. मागून साधना. पायात चप्पल, हातात भरलेली बाटली. आणि दुसऱ्या हातात माझी गोळी, मी सदऱ्याच्या खिशात ठेवतो आणि घेत नाही ती. सदरा मी उकाड्यानं काढून खुंटीला अडकवला होता. गोळी आणायला मी सांगितलं नव्हतं. मी ती तिच्यासमोर घेतली. तिनं माझं तोंड उघडून पाहिलं.

तिनं मला माफ केलं, असं मात्र समजू नकोस. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडीनं निघालो. साधनाच्या आईजवळ तिची भावजय आहे. रिसोडला शेवटची गाडी बदलायची होती. समोर गाडी उभी, पाटी रिठदची, मी पहिल्या पायरीवर. योगिनी खालीच थांबली. तिनं कंडक्टरला खिडकीजवळ बोलावलं, त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘ही गाडी रिठदलेच थांबते नं? वाशिमले नाही नेत नं?’

कंडक्टर मला ओळखून हसला. म्हणाला, ‘बाई, तुया आबाले विचार. त्यायले साऱ्या गाड्या पाठ हायेत.’

‘त्यायले नाही विचारत,’ ती म्हणाली. ‘तुमीच सांगा.’

त्यानं सांगितलं. मग ती चढली.

माइक आता साधनाच्या गळ्यात असतो. मला सकाळी हळदीपाशी थोडा वेळ मिळतो. मी बोलतो, ती ऐकते, सूप भरून पडवीत ठेवते. काम झालं की माझ्याजवळ येऊन दिव्याचा रंग पाहते आणि माइक काढून घेते. अकोल्याच्या मॅडमना काय सांगायचं, ते मी ठरवलं आहे. बटनाचंही सांगणार आहे. त्याच दिवशी खालच्या मजल्यावरही जायचं आहे, आणि या वेळी साधना सोबत येईल.

संमती पाठवू नकोस. सुट्टी मिळाली तर ये. रविवारी फोन कर. तुझं नेटवर्क गेलं, तर मी ओट्यावर जाऊन उभा राहीन.

तुझा बाप,
दौलतराव